अर्ध्या किलोची जागा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर पकडायला कडी, खाली हूक, मधे गोल तबकडी आणि तिच्यावर एक लाल सुई. पोटात स्प्रिंग. एवढाच माझा संसार. सध्या माझा मुक्काम अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी, एका गॅरेजमध्ये आहे. माझ्या डाव्या बाजूला बर्फ ओढायचं फावडं आहे, उजव्या बाजूला एका लहान मुलीची सायकल. दोघंही इथलेच. इंग्रजीत गंजतात, माझ्याशी बोलत नाहीत.

माझा धंदा वजन सांगण्याचा. पण इतकी वर्षं विमानाच्या बॅगा अंगावर लटकवून घेतल्यावर मला वजनापेक्षा दुसरंच कळायला लागलं. आकडा तेवीस किलोच्या, म्हणजे विमानवाल्यांच्या मर्यादेच्या, पुढे गेला की माणसं बॅग उघडतात आणि काहीतरी बाहेर काढतात. काय काढतात ते नीट बघावं. माणूस कुठला आहे हे पासपोर्टपेक्षा त्यावरून लवकर समजतं.

मी घडलो राजकोटच्या एका कारखान्यात, पण मला घर मिळालं नागपूरला. इतवारीतल्या एका दुकानातून शंकररावांनी मला विकत घेतलं. ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. त्यांचा मुलगा अतुल नोकरीसाठी अमेरिकेला निघाला होता आणि बॅग जास्त भरली तर विमानतळावर सगळ्यांदेखत उघडावी लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, "एक ग्रॅम इकडचा तिकडे होणार नाही, काका." शंकररावांनी मला घरी आणलं आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? पेचकस घेतला, माझ्या पाठीचा स्क्रू फिरवला आणि सुई शून्यापासून एक रेघ पुढे सरकवली.

त्यांची बायको रत्नाबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, चांगला काटा काहून बिघडवून राहिले?"

"बिघडवून नाही राहिलो. जागा करून राहिलो."

त्या दिवसापासून मी अर्धा किलो जास्त सांगतो. अतुलनं बॅग लटकवली, तेवीस आले. "बस बाबा, फुल झाली," असं म्हणून तो अंघोळीला गेला. शंकररावांनी चेन उघडली, संत्रा बर्फीचा अर्ध्या किलोचा पुडा कपड्यांच्या खाली सारला आणि चेन लावून टाकली. तिकडे पोचल्यावर अतुलचा फोन आला, "बाबा, वजन तर फुल होतं. ही बर्फी आली कुठून?"

"आमच्या नागपूरची बर्फी हलकी असते," शंकरराव म्हणाले.

ही चोरी त्या नवरा-बायकोला आणि मला, तिघांनाच ठाऊक होती. माझी तबकडी पन्नास किलोची. तिच्यावर अर्धा किलो म्हणजे केसाएवढी रेघ. आणि रिकाम्या काट्याकडे बघतं कोण!

पुढे अतुल दर दोन वर्षांनी यायचा आणि जाताना माझ्यासमोर उभा राहायचा. पहिल्या वेळी त्यानं बूट काढून लोणचं ठेवलं. दुसऱ्या वेळी पुस्तकं काढून लोणचं ठेवलं. अपर्णाशी लग्न झाल्यावर त्यानं लोणचं काढून बूट ठेवले. अपर्णा अमरावतीची, हुशार, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "तिकडे सगळं मिळतं, आई. तुम्ही उगाच त्रास घेता." मिळतही असेल. रत्नाबाईंनी बरणी परत फडताळात ठेवली आणि मला पुसून खुंटीला लावलं.

मग अतुलला मुलगी झाली, अनिका. तिला सांभाळायला आजी हवी होती. आजोबांची तशी काही गरज नव्हती, पण एकटं बोलावणं बरं दिसत नाही म्हणून दोघांनाही बोलावलं. निघताना शंकररावांनी मला बॅगेत घातलं. "परत येताना लागेल," म्हणाले.

हर्नडनमध्ये शंकरराव एक हिवाळा टिकले. खिडकीतून रस्ता बघायचे आणि विचारायचे, "अतुल, इथं माणसं कुठं ठेवतात रे?" अतुल म्हणायचा, "बाबा, सगळे आत असतात." बर्फ वितळला आणि ते निघाले. रत्नाबाई राहिल्या, आणि त्यांच्या परतीसाठी मीही. अनिका चालायला लागेपर्यंत, असं ठरलं होतं. मग ती शाळेत जाईपर्यंत. मग शाळेतून साडेतीनला येते तेव्हा घरी कुणीतरी हवं म्हणून. रत्नाबाईंना ग्रीन कार्ड मिळालं, म्हणजे या देशात राहायचा परवाना. त्याची गंमत अशी की तो टिकवायचा तर याच देशात राहावं लागतं. नागपूरला जाऊन फार दिवस बसलं की प्रश्न विचारतात. म्हणून त्या सहा आठवड्यांसाठी जायच्या आणि परत यायच्या. नवऱ्याच्या घरी पाहुण्यासारख्या.

त्या काळात मीच त्यांचा पोस्टमन होतो. इकडून निघताना अतुल बॅग लटकवायचा, "तेवीस. बास, आई," म्हणायचा आणि फोन घ्यायला बाहेर जायचा. मग रत्नाबाई हळूच अर्धा किलो पिस्ते आत सारायच्या. बिनमिठाचे, कारण शंकररावांना ब्लड प्रेशर. परत येताना नागपूरच्या साध्या काट्यावर शंकरराव आपला हिशेब करायचे आणि अर्धा किलो बर्फी टाकायचे. लग्न म्हणून त्या दोघांत एवढंच चालू राहिलं होतं. माझ्या अंदाजानं बऱ्याच एकत्र राहणाऱ्या जोडप्यांत याहून कमी चालतं.

हर्नडनच्या घरात माझी खुंटी लॉन्ड्रीच्या खोलीत, दाराआड होती. शेजारी कधी कधी बाबासाहेबांची तसबीर यायची. शंकररावांनी ती काचेसकट, साडीत गुंडाळून पाठवली होती. एरवी ती हॉलमध्ये असे. पण महाराष्ट्र मंडळाचं पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, घरी असलं की अतुल ती काढून आत आणायचा. "उगाच प्रश्न नकोत, आई." प्रश्न म्हणजे आडनाव कुठलं, मूळ गाव कुठलं, असे गोड आवाजातले. इतक्या लांब येऊनही ते प्रश्न त्याला चुकले नव्हते. आम्ही दोघं मग वॉशरच्या घरघरीत भिंतीला टेकून बसायचो, पाहुण्यांसमोर न आणण्यासारखे. रत्नाबाई कपडे टाकायला आल्या की आधी तसबिरीला नमस्कार करायच्या, मग साबण घालायच्या.

एके दिवशी जेवताना अतुल म्हणाला, "आई, तू सिटिझनशिप करून टाक. एकदा सिटिझन झालीस की कधीही इंडियाला जा, कितीही दिवस राहा. कोणी विचारणार नाही."

"सहा महिने राहिले तरी?"

"वर्षभर राहा ना!"

रत्नाबाई त्याच दिवशी तयार झाल्या. लोक अमेरिकन होतात ते अमेरिकेत राहण्यासाठी. या बाईंना अमेरिकन व्हायचं होतं ते नागपूरला राहण्यासाठी. अनिका आता मोठी झाली होती. त्यांना शंकररावांच्या शेजारी बसून चहा प्यायचा होता आणि तो संपायच्या आत परतीची तारीख मोजायची नव्हती. बाकी काही नको होतं.

परीक्षेची तयारी लॉन्ड्रीतच चालायची. रत्नाबाई घड्या घालायच्या आणि अनिका ड्रायरवर बसून प्रश्न विचारायची.

"आजी, व्हॉट इज द सुप्रीम लॉ ऑफ द लँड?"

"आमचा की तुमचा?"

"आजी! जस्ट से द कॉन्स्टिट्यूशन."

"कॉन्स्टिट्यूशन. आमचं मला पाठ आहे. म्हणून दाखवू?" आणि त्या टॉवेलची घडी घालत 'आम्ही भारताचे लोक' म्हणायला लागायच्या, थेट शेवटपर्यंत.

"दॅट्स नॉट ऑन द टेस्ट," अनिका म्हणायची.

शंकररावांनाही फोनवर चेव यायचा. "काय मॅडम, पास होऊन राहिल्या का? बरं, तू तिथली झाली की तुला भेटायला मला व्हिसा लागंल का?"

"तो तुम्हाला तसाही लागतो. आता तुम्हाला भेटायला मला लागेल म्हणे."

"म्हणजे माझ्याच घरी यायला माझ्या बायकोला व्हिसा?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. तो खोकला बराच वेळ थांबला नाही. रत्नाबाई म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "तू ये, मग सोबत जाऊ."

रत्नाबाई मुलाखतीत पास झाल्या. शपथविधी राहिला. त्याची तारीख आली, गुरुवारची. आणि त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी अतुल फोन कानाला लावून लॉन्ड्रीत शिरला, वॉशर रिकामाच चालू केला आणि दार लावलं. या घरातली खासगी बोलणी अशीच होतात. पलीकडे नागपूरचा चुलतभाऊ होता. शंकररावांना दवाखान्यात दाखल केलं होतं, फुप्फुसात पाणी झालं होतं.

थोड्या वेळानं अपर्णा आत आली.

"आईंना सांगितलंस?"

"आज सांगितलं तर आजच निघेल ती."

"आणि ओथ?"

"तेच ना. चुकली तर परत कधी डेट मिळेल काय माहीत. तीनच दिवसांचा प्रश्न आहे. गुरुवारी ओथ, शुक्रवारी फ्लाइट. बाबा स्टेबल आहेत म्हणतोय तो."

अपर्णा थोडा विचार करून म्हणाली, "आणि नंतर गेल्या तर समर कॅम्पपर्यंत अनिकाचं बघायला परत येतील का? ते विचारून घे आधी."

मित्रांनो, वाईट माणसं ओरडतात, असं तुम्हाला वाटत असेल. ही दोघं अगदी हळू, समजुतीनं बोलत होती. बोलता बोलता अपर्णानं वाळलेले मोजे जोडीनं लावून ठेवले.

गुरुवारी रत्नाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून गेल्या आणि दुपारी हातात एक सर्टिफिकेट आणि काडीवरचा छोटा झेंडा घेऊन आल्या. अपर्णानं केक आणला होता. फोटो झाले, ते सगळीकडे पाठवून झाले. केक कापून झाल्यावर अतुल म्हणाला, "आई, जरा बस. बाबांना ॲडमिट केलंय."

"कधी?"

"सोमवारी."

रत्नाबाईंनी सोमवार, मंगळवार, बुधवार असं बोटांवर मोजलं नाही. त्या उठल्या, तासाभरात बॅग भरली आणि लॉन्ड्रीत येऊन स्वतःच माझ्या हूकला लटकवली. अतुल मागोमाग आला. लॅपटॉपवर तो उद्याचं तिकीट बघत होता.

"आई, ग्रीन कार्ड दे जरा. नंबर टाकायचाय."

"ते घेतलं त्यांनी. दारातच. सगळ्यांचंच घेतात."

अतुल थांबला. या हुशार मुलानं आईचे सगळे फॉर्म भरले होते, एकेक चौकोन तपासला होता. शपथेच्या दिवशी जुनं कार्ड परत घेतात, हेही त्यानं वाचलं असणार. पण तीन दिवसांच्या हिशेबात ते तो विसरला होता.

"बरं, मग भारताचा पासपोर्ट आहे ना माझा," रत्नाबाई म्हणाल्या.

"तो आता चालत नाही. तू आता इंडियन नाहीस. तो वापरला तर गुन्हा होतो."

"मग इथला, अमेरिकेचा दे."

"तो यायचाय. अर्जंट केला तरी पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट. मग इंडियाचा व्हिसा. त्याला जुना पासपोर्ट कॅन्सल केल्याचं सर्टिफिकेट."

"मग माझ्याजवळ आहे काय आत्ता?"

दारात अनिका उभी होती, केकची ताटली घेऊन. तिला वाटलं, प्रश्न तिला विचारला आहे. परीक्षेची सवय. ती म्हणाली, "यू हॅव द फ्लॅग, आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावानं दवाखान्यातून व्हिडिओ लावून दिला. रत्नाबाई फोन घेऊन लॉन्ड्रीत आल्या. वॉशर त्यांनी लावला नाही. नळ्यांमधून शंकररावांचा चेहरा दिसत होता, पण डोळे तेच, मिश्कील.

"काय मॅडम. झाल्या का अमेरिकन?"

"झाले."

"मग आता कसं वाटून राहिलं?"

"अहो, मला येता येत नाहीये. कागद नाहीत. अतुल करतोय धावपळ." एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग सावरून म्हणाल्या, "बॅग भरून ठेवली आहे. काट्याला लावून पाहिली."

"किती भरली?"

"तेवीस."

"म्हणजे साडेबावीस," शंकरराव म्हणाले, आणि हसायला गेले तसा तो खोकला परत आला. नर्सनं फोन बाजूला धरला. छत दिसत राहिलं. बऱ्याच वेळानं पुन्हा आवाज आला, "अर्ध्या किलोत काय टाकून राहिली?"

"पिस्ते. बिनमिठाचे."

"मिठाचे आण. आता काय बीपी घेऊन बसायचं."

रत्नाबाईंनी त्याच दुपारी अपर्णाला गाडी काढायला लावून मिठाचे पिस्ते आणले. पुडा बॅगेत ठेवला, चेन लावली आणि बॅग माझ्या खाली, भिंतीशी उभी केली. रविवारी शंकरराव गेले. पासपोर्टची अपॉइंटमेंट मंगळवारची होती. चितेपर्यंतचा रस्ता रत्नाबाईंनी फोनच्या पडद्यावर बघितला. फोन हलत होता, नेट अडकत होतं. त्रिसरण म्हणताना तिकडचा आवाज मागे पडायचा आणि इकडे त्यांचा पुढे जायचा. अपर्णानं त्या दिवशी ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि ते तिनं सगळ्यांना सांगितलंही.

मग नवा पासपोर्ट आला. व्हिसाही आला. रत्नाबाई बॅगेशी येऊन उभ्या राहिल्या. अतुल म्हणाला, "आता घाई काय आहे, आई? पुण्यानुमोदनाचा विधी तिकडच्यांनी केला. डिसेंबरमध्ये सगळेच जाऊ. नागपूरचा फ्लॅटही विकायचाय, तुझी सही लागेल." रत्नाबाईंनी बॅग पुन्हा भिंतीशी सरकवली. बॅग तशीच राहिली. समर कॅम्प पार पडला.

डिसेंबरात अपर्णानं नवा डिजिटल काटा आणला. हातात मावणारा, आकडा प्रकाशात दाखवणारा. तिनं त्याला रत्नाबाईंची बॅग लावली. मग सवयीनं मला लावली. मग पुन्हा त्याला.

"अतुल, इकडे ये! हा जुना काटा अर्धा किलो जास्त दाखवतो! म्हणजे इतकी वर्षं आपण दर बॅगेला अर्धा किलो कमी नेत होतो?"

"बाबांची खरेदी. फसवलं असणार कोणीतरी इतवारीत."

"त्यांना कळलंही नाही यार," अपर्णा म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं. किती मेतकूट आणता आलं असतं, तेही तिनं बोलून दाखवलं.

रत्नाबाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्या नवरा-बायकोतलं जे कुणाला कधी दिसलं नव्हतं, ते आता उजेडात आलं होतं, आणि त्याचं नाव पडलं होतं फसवणूक. एक वाक्य बोलल्या असत्या तर शंकररावांची लाज राहिली असती. त्या नाही बोलल्या. मला वाटतं, ते वाक्य या घरात ठेवायला त्यांना जागा दिसली नाही.

अपर्णानं बॅग उघडली. डिजिटल काट्यावर बॅग बरोबर तेवीस हवी होती आणि तिच्या बहिणीसाठीचा शॅम्पू ठेवायचा राहिला होता. तिनं पिस्त्यांचा पुडा बाहेर काढला. "हे तिकडे मिळतात हो आता, आई. आणि बाबा पण..." पुढचं ती बोलली नाही, तेवढं सौजन्य तिच्यात आहे.

पुडा हॉलमध्ये टीव्हीसमोर फुटला. अनिका म्हणाली, "ओह माय गॉड, आजी, दीज आर सो गुड."

"खा बाळा. आजोबांचे आहेत," रत्नाबाई म्हणाल्या.

टरफलांची ताटली भरली. मला त्या दिवशी गॅरेजमध्ये आणून टाकलं.

पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. जानेवारीत बॅगा परत आल्या तेव्हा गॅरेजमध्ये उतरवताना अनिका मैत्रिणीला फोनवर सांगत होती. नागपूरला जायच्या आधी मुंबईला उतरल्यावर अतुल, अपर्णा आणि अनिका वेगळ्या काउंटरवरून झटकन पुढे गेले, कारण परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कायमच्या व्हिसाचं कार्ड त्यांच्याकडे होतं. आजीचं अजून यायचं होतं. आजी एकटी परदेशी पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिली, गोऱ्या ट्रेकर मुलांच्या मागे. ऑफिसरनं येण्याचा उद्देश विचारला. अतुलनं आधीच पढवून ठेवलं होतं. आजी म्हणाली, "टुरिझम." अनिका फोनवर म्हणाली, "अँड देन शी जस्ट स्टूड देअर क्रायिंग. इट वॉज सो ऑकवर्ड."

फ्लॅटची सही झाली. आता कितीही दिवस राहायची मुभा आहे, आणि राहायला तिथे घर नाही. रत्नाबाई सगळ्यांबरोबरच परत आल्या.

एकदा त्या गॅरेजमध्ये आल्या, मीठ शोधायला, म्हणजे ते बर्फावर टाकायचं. मला खाली पडलेला बघून उचललं, तबकडीवरची धूळ पदरानं पुसली आणि उजेडात धरलं. हूकला काही नव्हतं. सुई एक रेघ पुढे. पाठीचा स्क्रू त्यांच्या अंगठ्याखाली होता, तो त्यांनी फिरवला नाही. मला फावड्याशेजारच्या खिळ्याला लावलं आणि मीठ घेऊन गेल्या.

मित्रांनो, शनिवारी जड सामान नेणारी कचऱ्याची गाडी येणार आहे आणि अतुलनं माझ्याकडे बोट दाखवून झालं आहे. मला वाचवा, असं मी म्हणत नाही. लोखंडाला देश नसतो, मला इथेही वितळवतील. एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस लांबच्या प्रवासाला बॅग भरत असेल तर तिचं वजन जरूर करा. आकडा मोठ्यानं वाचा. "बास, आता भरली," असं म्हणा. आणि मग काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जा, आणि परत येताना दार जरा वाजवून या.